सांच्यांचें सामाईक भांडार

करंजीचा सांचा शेजारच्या घरून मागून आणला, तर फार झालें तर करंजी वांकडी होते. सांचा स्वयंपाकघरांतले डबे उघडून पाहत नाहीं. संगणकावर संकेतस्थळें उभारणारे लोक हल्लीं एकमेकांस जे सांचे देतात, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. आणि अशा सांच्यांचें सामाईक भांडार काढूं पाहणारांनीं ती आधीं ध्यानांत घेतली पाहिजे.

‘रूबी ऑन रेल्स’ ही चौकट याचें चांगलें उदाहरण आहे. तज्ज्ञ अशा चौकटीस फ्रेमवर्क म्हणतात. डेन्मार्कचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनीं ती २००४ सालीं लोकांस खुली केली. माहिती सांठविणें, पानें तयार करणें हीं कामें सर्वांनाच करावीं लागतात. तीं दर खेपेस नव्यानें करावीं लागूं नयेत, हा चौकटीचा हेतु. तरीहि सभासदांच्या प्रवेशासारख्या सोयी त्या काळीं ज्याच्या त्यानेंच बसवावयाच्या. तेहि श्रम वांचावेत म्हणून २००९ सालच्या २.३ या आवृत्तींत ‘टेम्प्लेट’, म्हणजे सांचा, वापरण्याची सोय झाली. नवें काम सुरू करण्याच्या आज्ञेस सांच्याचा पत्ता जोडला कीं झालें. तो पत्ता इंटरनेटवरचा असला तरी चालतो.

खरी मेख येथेंच आहे. हा सांचा म्हणजे नुसता नकाशा नव्हे. तो रूबी भाषेंतील प्रोग्रॅम आहे, आणि तो वापरणाराच्या संगणकावर, वापरणाराच्याच अधिकारानें चालतो. त्यांतील ‘रन’ या आज्ञेनें वाटेल तें काम करवून घेतां येतें. फायली पुसणें किंवा परवलीचे शब्द बाहेर धाडणें त्यांतून वगळलेलें नाहीं. परक्या गवंड्याकडे नकाशा मागावा आणि त्यानें किल्ल्या घेऊन घरांत शिरावें, तसाच हा प्रकार. सबब सांच्याचा संपूर्ण मजकूर भांडारांत आधीं वाचावयास मिळाला पाहिजे. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. सकाळीं वाचलेला मजकूर संध्याकाळीं त्याच पत्त्यावर बदललेला असूं शकतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीस कधीं न बदलणारा असा स्वतंत्र पत्ता हवा.

सांचे शिळेहि होतात. २०१९ सालच्या रेल्स ६ मध्यें जावास्क्रिप्टसाठीं ‘वेबपॅकर’ मुळांतच बसविलेला असे. डिसेंबर २०२१ मधील ७ व्या आवृत्तींत त्याची जागा दुसऱ्या व्यवस्थेनें घेतली. वेबपॅकर गृहीत धरणारा सांचा तेथें मध्येंच अडतो, आणि नवशिका बिचारा आपल्याच अकलेस दोष देत बसतो. यावर उपाय एकच: नवी आवृत्ति निघतांच प्रत्येक सांचा बंदिस्त जागीं चालवून पाहावा, व अडल्यास तसें त्यावर ठळक लिहावें. काम कंटाळवाणें खरें. सांच्यांची संख्या मिरविणें त्याहून पुष्कळ सोपें!

आणि दिलेलें कोणी परत घेतलें तर? मार्च २०१६ मध्यें ‘एन्‌पीएम्’ या जावास्क्रिप्टच्या भांडारांतून एका लेखकानें चालकांशीं वाद होऊन आपलें साहित्य काढून घेतलें. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा होता. मजकुराच्या डावीकडे जागा भरून काढणें, एवढेंच त्याचें काम. पण त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प एकाएकीं अडले, आणि सुमारें दोन तासांत चालकांना तो तुकडा पुन्हा जागेवर ठेवावा लागला. पुढें तेथें साहित्य काढून घेण्यावर निर्बंध आले.

राहिला परवाना. सर्वांस दिसतो म्हणून सांचा सर्वांचा होत नाहीं. परवाना लिहिलेला नसेल, तर हक्क लेखकाकडेच राहतात. रेल्स ही चौकट स्वतः एम्‌आय्‌टी परवान्याखालीं मोकळी आहे, पण तिच्यावर बसविलेला सांचा तेवढ्यावरून मोकळा ठरत नाहीं. म्हणून सांचा स्वीकारतांनाच देणाराकडून परवाना निवडून घ्यावा. पांच वर्षांनीं विचारावयास जावें, तर तो गृहस्थ सांपडेलच असें नाहीं.