गंजदुरुस्ती, मोटारीच्या पत्र्यावरील
मोटारीच्या पोलादी पत्र्यावर पडलेला गंजाचा लहान डाग काढून ती जागा पुन्हा रंगविण्याची क्रिया. गंज सच्छिद्र असल्यामुळे खालच्या धातूचे रक्षण करीत नाही. उलट रंगाखाली कडेकडेने पसरतो. म्हणून डागाभोवतीचा फुगलेला रंगही काढून, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश कागदाने कोरडे घासतात. उघडा पत्रा ओला राहिल्यास थोड्याच वेळात पुन्हा गंजतो. त्यामुळे लगेच एपॉक्सी अस्तर देतात. मग खळग्यात लांबी भरून, घासून, रंग व पारदर्शक लेप चढवितात. लांबी ओलावा शोषते. ती गंजावरच भरणे (असे पुष्कळदा होते) व्यर्थ ठरते.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सु. ५५० सेंमी. पाऊस पडतो, तर माण तालुका अवर्षणप्रवण आहे. तेथे असा डाग सावकाश वाढतो. सांगलीत कृष्णेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांत अनेक वाहने बुडाली. पुराचा गाळ दारांच्या पोकळीत व दारांखालच्या पोकळ पट्टीत साचला, की पत्रा आतून गंजतो आणि बाहेर केवळ लहानसा फोड दिसतो. तो टोचताच आरपार छिद्र पडल्यास पत्रा कापून नवा तुकडा वितळजोडाने बसवितात. दारांखालची पट्टी मोटारीच्या सांगाड्याचा भार वाहते. तेथे लांबी भरून रंग देणे धोक्याचे असते.