देऊळ फिरलें तर

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाची आख्यायिका वाचकांस ठाऊक असेलच. नामदेवराय देवळासमोर कीर्तनास उभे राहिले; पुजाऱ्यांनीं त्यांस मागें जावयास सांगितलें; ते निमूटपणें मागें गेले, आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख आलें. भक्तासाठीं देव फिरला, हें तिचें मर्म. परंतु देऊळ फिरलें आणि भक्तच पाठीमागें राहिला, तर त्यानें काय करावें? असा प्रसंग आमच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं आला.

निवृत्तीनंतर आम्हीं घराण्याची वंशावळ संगणकावर उतरविण्यास घेतली होती. यंत्रावर लिनक्सची जुनी प्रणाली होती. एके दिवशीं सकाळीं पाहतों तों वरची पट्टी निराळी, खालची नाहींशी, आणि पडद्यावरील आमचीं सारीं चित्रें गुप्त! जुन्या आवृत्तीस सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या, म्हणून पुतण्यानें रात्रीं नवी चढविली होती. हेतु चांगला, पण आम्हांस विचारलें नव्हतें. ज्या हातांनीं शेंकडों मुलांस मुळाक्षरें गिरवावयास लाविलीं, तेच हात एक बटण शोधीत राहिले. आम्हीं रागानें यंत्रावर आच्छादन घातलें, आणि वंशावळ दोन महिने पडून राहिली.

हा कोप आमच्या एकट्याचा नव्हे, हें मागाहून कळलें. लिनक्सवरील ‘ग्नोम’ नामक दर्शनी मांडणीची दुसरी पिढी २००२ सालीं आली व लोकांच्या अंगवळणीं पडली. एप्रिल २०११ मध्यें तिसरी आली, ती सर्वस्वीं निराळी. खालची पट्टी गेली. खिडकी लहानमोठी करण्याचीं बटणेंही गेलीं. मनुष्याचें लक्ष हातांतील कामावरून विचलित होऊं नये, हा कर्त्यांचा उद्देश. वापरणारे मात्र चिडले. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनींही त्याच वर्षीं जाहीर नाराजी दर्शवून दुसरी मांडणी पत्करली. पुढें ते ग्नोमकडे परतलेही. कित्येकांनीं जुनी मांडणीच ‘माते’ या नांवानें जिवंत ठेविली. आणि ग्नोमच्या कर्त्यांनींही २०१३ सालीं जुन्या धर्तीचा एक पर्याय देऊं केला. या प्रणालीचें मूळ लेखन सर्वांस खुलें असल्यामुळेंच हें घडूं शकलें.

त्या दोन महिन्यांत आम्हांस वडिलांची फार आठवण झाली. ते निजामाच्या राज्यांत उर्दूंतून शिकले. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी सत्ता संपली, आणि पुढें तेंच गणित त्यांस मराठींतून शिकवावें लागलें. ‘जर्ब’ म्हणजे गुणाकार, ‘तक्सीम’ म्हणजे भागाकार, अशी यादी करून ते रात्रीं कंदिलापाशीं पाठ करीत. गणित फिरलें नव्हतें. नांवें तेवढीं फिरलीं होतीं. त्यांनीं खडू खालीं ठेविला नाहीं. मग आम्हीं यंत्रावर आच्छादन कां घालावें?

आम्हींही यादी केली. रोज एकच गोष्ट शिकावयाची. खिडकीचें चित्र असलेली कळ दाबून हव्या त्या साधनाचें नांव लिहूं लागावें, म्हणजे तें समोर येतें, ही पहिली. पंधरा दिवसांत हात चालूं लागला.

तथापि घरांतील तरुणांस दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. नवी प्रणाली आधीं पेनड्राइव्हवरून चालवून वडील माणसांस दाखवावी. तशी ती यंत्रांत कांहीं न बदलतां चालते. आणि शक्य तेथें, प्रवेशाच्या वेळीं जुन्या धर्तीची मांडणी निवडण्याची सोय राखावी. आमच्या पुतण्यानें पुढें ती सोय करून दिली. गंमत अशी कीं, ती आहे एवढ्यानेंच आमचें समाधान झालें. ती निवडण्याची वेळ क्वचितच आली.

वंशावळ त्याच वर्षीं दिवाळीपूर्वीं पुरी झाली. वडिलांच्या नांवाखालीं त्यांची ती यादी आम्हीं जशीच्या तशी उतरविली आहे. देऊळ फिरलें, तर चार पावलें चालून समोर जाणें भक्ताच्या हातीं आहे. मात्र फिरविणाऱ्यानें आधीं एक हांक तरी मारावी.