नाव सांगण्याची किंमत

माझ्या एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ गतवर्षी मुंबईहून खोकला घेऊन गावी परतला. निदान क्षयाचे झाले. घरात बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. साहजिकच म्हसवडच्या आसपासचे सारे दवाखाने टाळून तो एसटीने मिरजेस जाऊ लागला, आणि तेथे त्याने नाव व पत्ता दोन्ही खोटे सांगितले. औषधाचा खर्च खिशातून झाला, बुडालेली मजुरी वेगळीच. तो बरा झाला. परंतु त्याच्या घरातील इतरांची तपासणी करण्यास कोणी आले नाही, कारण नोंदीतल्या पत्त्यावर तो राहतच नव्हता.

क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती शासनाला कळविणे डॉक्टरांना व रुग्णालयांना २०१२ पासून बंधनकारक आहे. २०१८ मध्ये औषधविक्रेतेही त्या कक्षेत आले. या सक्तीला माझा विरोध नाही. नोंदीचा लाभ साऱ्या समाजाला होतो. तेव्हा रुग्णाचा काही भार समाजाने उचलावा हेही रास्तच. उपचारकाळात पोषणासाठी मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, ते त्याच न्यायाने. पण मोडलेल्या सोयरिकीची भरपाई हजार रुपयांत होत नाही, आणि हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

दंडुक्याने रोग हुडकण्याचा प्रयोग आपण १८९७ च्या प्लेगात पाहिला आहे. पूर्वी सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर असलेल्या रँडसाहेबांच्या अमदानीत पुण्यात घरोघर झडत्या झाल्या. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपविले, मृत्यूही लपविले.

याच्या उलट उदाहरण एचआयव्हीचे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराला ‘एमएक्स’ या सांकेतिक नावाने दाद मागू दिली. १९९८ पासून देशभरच्या पाहणीत गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने नाव-पत्ता काढून तपासले जाऊ लागले. या पद्धतीत एक दोष होता, आणि तो लहान नव्हे: जिच्या रक्तात विषाणू सापडे तिला ते कळविण्याची वाटच त्या पाहणीत उरत नसे. तरीही प्रसार मोजण्यास नाव लागत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. नाव लागते ते उपचार करणाऱ्याला; जिल्ह्याला आणि राज्याला आकडा पुरतो. पुढे १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आलेल्या कायद्याने एचआयव्हीग्रस्ताच्या गुप्ततेला संरक्षण दिले. क्षयरोग्यासाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

करोनाकाळात तर रुग्णांच्या याद्या मोबाइलवरून गावोगाव फिरल्या. रुग्णांची नावे जाहीर करावीत, अशी मागणी थेट उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, हे बरेच झाले.

मात्र गुप्तता न्यायालयात जितकी मोडते, त्याहून अधिक दवाखान्याच्या ओसरीवर मोडते. रांगेत नावाचा पुकारा होतो, रोगाचे नाव छापलेले कार्ड टेबलावर उघडे पडलेले असते, आणि औषधवाटपाचा वार साऱ्या गावाला ठाऊक असतो. हे बदलण्यास एक पडदा, एक क्रमांक आणि थोडी समज पुरते. संगणकावर लाखो रुपये खर्चणाऱ्या खात्याला ते परवडू नये, याचे नवल वाटते.

परवा तो विद्यार्थी भेटला. आता आई खोकते आहे. तिला येथे दाखविणार की मिरजेस, असे मी विचारले. “सर, बहिणीचं अजून ठरलेलं नाही,” एवढेच तो म्हणाला.