कोंबडी मान टाकते तेव्हा...

रविवार म्हणजे चिकन, हे आमच्या मुलुंडच्या घरातलं अलिखित कलम. सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं, 'करी कट की बोनलेस?' या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, झालं. कोंबडी आजारी पडते, औषधं घेते वगैरे डोक्यातही यायचं नाही. पण मागच्या हिवाळ्यात अंधेरीच्या ऑफिसात ऐन मीटिंगमध्ये कर्जतहून मामेभावाचा फोन आला. ''ताई, आज चाळीस गेल्या. काल दहाच होत्या.''

त्याची शेड छोटीच, दोन हजार ब्रॉयलरची. पण बँकेचं कर्ज मोठं. पक्षी ३० दिवसांचे, म्हणजे आणखी आठ-दहा दिवसांत विक्रीला निघणार. आणि आता माना वाकड्या, हिरवट शी, चोच उघडी टाकून श्वास. तालुक्यातल्या औषधवाल्याने एन्रोफ्लॉक्सासिनची पाकिटं हातात दिली होती. तीन दिवस पाण्यातून तेच चालू होतं. (हसू नका. घसा खवखवला की ड्रॉवरमधली उरलेली अँटिबायोटिक आपणही घेतोच की!)

शनिवारी कर्जत लोकल पकडली. डॉक्टर आले, मेलेला पक्षी उघडला. पोटाच्या आतल्या अस्तरावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. ''राणीखेत वाटतोय. व्हायरस आहे, याला अँटिबायोटिक काय करणार?'' शेडमधली खरखर मायकोप्लाझ्माची असती तर काही अँटिबायोटिक्सचा उपयोग होता, रक्ताची शी असती तर कॉक्सिडिओसिस आणि त्याला वेगळंच औषध. बाहेरून सगळ्याच मान टाकून बसलेल्या दिसतात, म्हणून आधी निदान. मग डॉक्टरांनी लसीचं विचारलं. दिली होती, पण पिण्याच्या पाण्यातून आणि पाणी नळाचं. त्यातल्या क्लोरीनने जिवंत लस मारून टाकलेली! आधी पाण्यात स्किम मिल्क पावडर मिसळायची असते म्हणे. एवढीशी गोष्ट.

''पण 'वाटतोय' वर थांबायचं नाही,'' म्हणत डॉक्टरांनी नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत धाडले आणि नवापूर आठवून दिलं. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या गावी कोंबड्या पटापट मरत होत्या आणि पोल्ट्रीवाले म्हणत होते, राणीखेतच आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितलं, बर्ड फ्लू. १८ फेब्रुवारीला शनिवारी बातमी फुटली. भारतातली पोल्ट्रीतली पहिली साथ. लाखो पक्षी मारून पुरावे लागले आणि मुंबईत चिकनकडे कुणी बघेना. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तो विषाणू टिकत नाही, हे कोण ऐकणार! २०२१मध्ये नवापूरला पुन्हा तेच.

आमचा रिपोर्ट आठवड्याने आला. राणीखेतच. तोवर निम्मी शेड रिकामी झालेली, चुना टाकून खड्डे भरलेले.

उरलेल्या पक्ष्यांसाठी व्यापारी टेम्पो घेऊन दारात. ''निम्म्या भावात आत्ता उचलतो.'' डॉक्टरांनी आधीच औषधाचं पाकीट मागून पाहिलं होतं. औषध थांबवल्यावर किती दिवसांनी मांस खायचं, तो आकडा त्यावर कुठेच नव्हता. असा आकडा ठरलेला नसेल, तर २०१२च्या नियमाप्रमाणे मांसासाठी किमान २८ दिवस. चाळीस दिवसांत विकायच्या पक्ष्याला २८ दिवस नुसतं बसवून खायला घालायचं! खाद्याचा खर्च कोण देणार? आणि नाही थांबलो तर औषधाचा अंश थेट आपल्या ताटात. शिवाय अशी वाटेल तशी औषधं देऊन तयार झालेले हट्टी जंतू वेगळेच. याच भीतीने कोलिस्टिन हे माणसांसाठीचं शेवटच्या फळीतलं औषध सरकारने २०१९मध्ये कोंबड्यांसाठी बंद केलं.

मामेभाऊ बराच वेळ टेम्पोकडे बघत राहिला. मग म्हणाला, ''ताई, तुमच्याकडेच जाणार ना हा माल?'' टेम्पो रिकामा गेला. त्या महिन्याचा हप्ता मी भरला, पुढच्याचं अजून चाललंय.

परवा रांगेत माझा नंबर आला तेव्हा दुकानदाराला विचारलंच, ''यांना शेवटचं औषध कधी दिलं होतं हो?''

त्याने सुरा थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

''मॅडम, करी कट की बोनलेस?''