जर, तर आणि तरच

नेरूळच्या फलाटावर पनवेलच्या दिशेची लोकल येऊन थांबली. ती सीएसएमटीहून आलेली असणार का? हार्बर मार्गावर रोज ये-जा करणारा माणूस लगेच मान डोलावणार नाही. सीएसएमटी-पनवेल लोकल असेल तर ती नेरूळला थांबते, हे खरंच. पण ठाण्याहून तुर्भे-जुईनगरमार्गे पनवेलला जाणाऱ्या लोकलही तिथेच थांबतात. मात्र एखादी गाडी वाशीलाच संपणार असेल, नेरूळपर्यंत येणारच नसेल, तर ती पनवेलची नाही हे त्याला ठामपणे सांगता येतं.

नेरूळहून दोन स्थानकं पुढे बेलापूर. तिथल्या सीबीडी भागात आता महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं कार्यालय आहे. आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून जो दुसरा पेपर असतो, ज्याला मुलं सी-सॅट म्हणतात, त्यात नेमका हाच विचार विचारला जातो. प्रश्न ८०, गुण २००, वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. २०२२ मध्ये आयोगाने हा पेपर पात्रतेपुरता ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळवले की पुरे. तरीही पहिल्या पेपरात उत्तम गुण मिळवलेला उमेदवार इथे अडला, तर त्याचं ते वर्ष गेलं. म्हणून ‘जर-तर’ची विधानं दुय्यम समजून चालत नाही.

या विधानांतली खोच मराठी माणसाला मुळात परकी नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण घ्या. आडात पाणी नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे तिचं विधान. ते उलटवताना दोन्ही बाजूंचा नकारही फिरवला, की खात्रीचा निष्कर्ष मिळतो: पोहऱ्यात पाणी आलं, म्हणजे आडात होतं. पण ‘आडात पाणी आहे, म्हणून पोहऱ्यात येईलच’ असं म्हण कुठेही म्हणत नाही. दोर तोकडा असेल, पोहऱ्याला भोक असेल. परीक्षेतल्या चार पर्यायांत हा चुकीचा निष्कर्ष हमखास ठेवलेला असतो, आणि तो इतका रास्त वाटतो की हात तिकडेच वळतो.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. जिथे धूर तिथे अग्नी, हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. स्वयंपाकघरात दोन्ही दिसतात, तळ्यात दोन्ही नसतात. मग जिथे अग्नी तिथे धूर असं म्हणावं का? नाही, कारण लाल तापलेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. एका गोळ्याने उलटं विधान कोसळतं. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून पिढ्यानपिढ्या विद्यार्थी हे शिकले.

एवढं असूनही माणसं चुकतात, आणि शिकलेली माणसंही चुकतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं कोडं मराठीत असं होईल: टेबलावर चार पत्ते आहेत, अ, क, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ उचलतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’. ‘४’च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, ‘७’च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

१९८२ मध्ये फ्लोरिडातल्या ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी हेच कोडं वेगळ्या वेषात दिलं. बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर हवं; समोर बिअर, कोक, २२ वर्षं आणि १६ वर्षं असे चार पत्ते. आता सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बिनचूक सांगितलं, की बिअरवाल्याचं वय बघा आणि १६ वर्षांच्या मुलाचा ग्लास बघा. तर्क तोच होता. नियम मोडणारा कुठे सापडेल हे मात्र आता डोळ्यांसमोर दिसत होतं. अभ्यासिकेत बसून सूत्रं घोकणाऱ्या मुलांना ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी. क्ष आणि य यांची विधानं समोर आली, की त्यांना लोकल, आड किंवा धुराचे कपडे चढवून पाहावेत. मात्र उत्तर देताना कपडे उतरवून ठेवावेत, कारण प्रश्नातलं विधान व्यवहारात खोटं असलं तरी तिथे खरंच धरायचं असतं.

सगळ्यात बारकाईने वाचायचं अक्षर म्हणजे ‘च’. ‘प्रवेशपत्र असेल तर आत सोडतील’ यात प्रवेशपत्र पुरेसं आहे. ‘प्रवेशपत्र असेल तरच आत सोडतील’ यात ते आवश्यक आहे, पुरेसं असेलच असं नाही. एका अक्षराने निष्कर्षाच्या बाणाची दिशा बदलते. आता साखळी जोडू: अर्ज भरला असेल तरच प्रवेशपत्र मिळतं, आणि प्रवेशपत्र असेल तरच वर्गात बसता येतं. वर्गात बसलेल्या मुलीने अर्ज भरला होता, हे नक्की. अर्जच न भरलेला मुलगा आत नाही, हेही नक्की. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या मुलाने अर्ज भरला नव्हता, असा पर्याय मात्र खोडावा लागतो. त्याच्या हातात प्रवेशपत्र असेलही. तो उशिरा पोहोचला असेल.