काचेच्या तळ्यांतील दिवा

वाशीम शहरापासून मुंबईचा समुद्रकिनारा सरळ रेषेंत सुमारें 450 किलोमीटर दूर आहे. तथापि निळ्या उजेडांत डोलणाऱ्या रंगीत प्रवाळांचीं चित्रें आज घरोघरीं पोहोंचलीं आहेत, आणि आपल्या दिवाणखान्यांतहि तसा एक लहानसा सागरतळ असावा असें वऱ्हाडांतील एखाद्या हौशी कुटुंबास वाटलें तर त्यांत नवल नाहीं. काचेची टाकी, खारें पाणी आणि निळा दिवा यांची जुळवाजुळव केली कीं काम भागलें, हा समज मात्र फसवा आहे. या तिहींपैकीं दिव्याविषयींच लोकांस सर्वांत कमी माहिती असते.

प्रवाळास प्रकाश कशास हवा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पति नव्हे. परंतु उथळ व उबदार समुद्रांत खडक उभारणाऱ्या प्रवाळांच्या शरीरांत एक अतिसूक्ष्म, एकपेशीय शैवाल वस्तीस असतें. हें शैवाल प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करतें आणि त्यांतील मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. भाडेकरूनें घरमालकास रोज जेवूं घालावें, तसाच हा प्रकार होय. प्रवाळावर पडणारा प्रकाश म्हणजे त्याचा शिधाच.

हा प्रकाश निळा कां, याचें उत्तर पाण्याच्या स्वभावांत आहे. पाणी तांबडे किरण लवकर शोषून घेतें. कांहीं मीटर खोलीवरच ते जवळजवळ नाहींसे होतात. निळे किरण स्वच्छ समुद्रांत सर्वांत खोलवर जातात. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें 105 किलोमीटरांवर ‘आंग्रिया बँक’ नांवाचें बुडालेलें पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्यास हें नांव पडलें. त्याचा माथा सुमारें 20 मीटर पाण्याखालीं असूनहि तेथें प्रवाळ नांदतात, कारण किनाऱ्यापासून दूर असलेलें तेथील पाणी नितळ आहे. किनाऱ्यालगत गाळामुळें पाणी गढूळ झालें, तर त्याहून पुष्कळ कमी खोलीवरच अंधार होतो.

घरगुती टाकीवर सूर्याचें काम एलईडी दिवा करतो. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम एलईडी शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. बाजारांतील बहुतेक पांढरे एलईडीहि मुळांत निळेच असतात. त्यांवरील पिवळसर लेप कांहीं निळ्या किरणांचें पिवळ्यांत रूपांतर करतो, आणि दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यांस पांढरा उजेड दिसतो.

दिवा निवडतांना खोक्यावरील आंकडे नीट वाचावे लागतात. वॅट हा आंकडा वीज किती लागते तें सांगतो. उजेड किती पडतो तें त्यावरून कळत नाहीं. ल्यूमेन आणि लक्स हीं मापें माणसाच्या डोळ्यास अनुसरून ठरविलेलीं आहेत. दिवसाउजेडीं आपला डोळा सुमारें 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट प्रकाशास सर्वांत अधिक दाद देतो. त्यामुळें लक्स मोजणाऱ्या यंत्रावर निळा दिवा दुबळा ठरतो, परंतु शैवालास तोच भरपूर असूं शकतो. म्हणून वनस्पति व शैवाल यांच्यासाठीं 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यांतील प्रकाशकणांची गणती करतात. तिला ‘पार’ म्हणतात, आणि एका चौरस मीटरावर एका सेकंदांत किती मायक्रोमोल कण पडले या रूपानें ती सांगतात. भर माध्यान्हींच्या उन्हांत ही संख्या 2,000 च्या आसपास जाते. मऊ प्रवाळांस साधारणतः 50 ते 150, तर फांद्यांच्या कठीण प्रवाळांस 200 ते 350 इतका पार लागतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

योग्य दिवा मिळाला तरी तो पहिल्याच दिवशीं पूर्ण तेजानें लावूं नये. प्रकाश अति झाला, आणि त्यांतच पाणी तापलेलें असलें, तर शैवालाची अन्न तयार करण्याची यंत्रणा बिघडते व प्रवाळ त्यास शरीराबाहेर टाकतो. मग तो पांढरा पडतो आणि ही स्थिति लांबली तर मरतो. प्रकाश अपुरा पडला तर तो बहुधा तपकिरी दिसूं लागतो. यास्तव प्रथम निम्म्याहून कमी तेज, नंतर दर आठवड्यास थोडी वाढ, आणि दिवसांतून 8 ते 10 तास ठराविक वेळीं प्रकाश, असा क्रम ठेवतात.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, एवढें समजल्यावर वाशीमच्या घरांत प्रवाळ आणावेत काय? उत्तर ‘नाहीं’ असेंच द्यावें लागतें. खडक उभारणारे सर्व प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. ज्या अनुसूचींत वाघ, तींतच पोवळें. आपल्या समुद्रांतून ते काढणें अथवा त्यांचा व्यापार करणें हा गुन्हा आहे, आणि दुकानांत मांडून ठेवलेले दिसतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाहींत. हवामानहि अनुकूल नाहीं. प्रवाळांच्या टाकीचें पाणी 24 ते 27 अंशांच्या दरम्यान राखावें लागतें. वाशीमला मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर चढतो. पाणी थंड ठेवणारें यंत्र बसविलें, तरी दुपारीं वीज गेली कीं तें बंद पडणार.

तथापि वरील ज्ञान वाया जात नाहीं. गोड्या पाण्याच्या टाकींत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा आपल्याकडील पाणवनस्पति लावल्या, तर त्यांनाहि प्रकाशाचा हाच नियम लागू पडतो. त्यांस निळा दिवा नको. 6,500 केल्विनचा साधा पांढरा एलईडी चालतो, आणि तळाशीं 30 ते 50 पार सहसा पुरतो. पार मोजण्याचें यंत्र महाग असतें, परंतु शाळेंतील एक प्रयोग येथें उपयोगीं पडतो. हायड्रिलाची ताजी कापलेली फांदी, कापलेलें टोंक वर करून, टाकींतल्याच पाण्यानें भरलेल्या काचेच्या भांड्यांत बुडवावी आणि भांडें दिव्याखालीं ठेवावें. कांहीं वेळानें त्या टोंकांतून प्राणवायूचे बुडबुडे निघूं लागतात. एका मिनिटांत किती बुडबुडे येतात तें मोजावें, मग दिवा थोडा जवळ आणून अथवा तेज वाढवून पुन्हां मोजावें. ज्या ठिकाणीं संख्या वाढेनाशी होते, त्यापुढील प्रकाश वनस्पतीस निरुपयोगी समजावा. हें माप अगदीं सूक्ष्म नसलें तरी घरच्या कामास पुरेसें आहे.

दिवा टायमरवर 7 ते 8 तास ठेवावा. देठ लांबट होऊन खालचीं पानें गळूं लागलीं तर प्रकाश कमी पडतो आहे. काचेवर हिरवें शेवाळ दाटूं लागलें तर तास कमी करावेत. दिव्याच्या पाठीवरील धातूच्या पट्ट्यांवर धूळ सांचूं देऊं नये, कारण दिव्याची उष्णता तेथूनच बाहेर जाते. विजेची तार प्रथम प्लगच्या खालीं लोंबूं देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब प्लगपर्यंत पोहोंचत नाहीं.

ज्यांस प्रवाळच पाहावयाचे असतील, त्यांनीं सवड काढून मालवणास जावें. तेथील सागरी अभयारण्य 1987 सालीं घोषित झालें आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांतील उथळ पाण्यांत, त्यांस हात न लावतां, प्रवाळ त्यांच्या स्वतःच्या उजेडांत पाहतां येतात.