उन्हाळी नाट्यशिबिर: आपले दादा-ताई नेमके काय काम करतात?



मागच्या अंकातल्या जमाखर्चात ‘उन्हाळी नाट्यशिबिर, मानधन’ अशी एक ओळ होती. त्यावर काही वाचकांनी विचारले, “वह्या-पुस्तके आणि औषधे सोडून नाटकावर खर्च कशाला? आणि करायचाच तर शिकवणाऱ्यांना पैसे का? ही सेवा आहे ना?” प्रश्न रास्त आहे. या शिबिरांची व्यवस्था मी पाहतो, म्हणून उत्तर देणे माझे काम आहे.

आधी आमचा उन्हाळा कसा असतो ते सांगतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. शिमग्याला चार दिवस येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुले आश्रमशाळेत असली तर वर्षभर दोन वेळचे जेवण आणि अभ्यास चालू राहतो. मे महिन्यात आश्रमशाळा बंद होते. मग मूल आजी-आजोबांजवळ राहते, नाहीतर आईबापांकडे भट्टीवर जाते. भट्टीवर गेलेले मूल नुसते बसून राहत नाही. विटा उलट्या करायला, लहान भावंड सांभाळायला त्याचे हात लागतातच. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एकदा कमावू लागला की जूनमध्ये तो शाळेत परत येईल याचा भरवसा नसतो. म्हणून पाड्यावर मुलांना थांबावेसे वाटेल असे काहीतरी मे महिन्यातच हवे असते.

नाटकच का, याचे एक कारण भाषा आहे. आमची मुले घरी वारली, कातकरी, कोकणा बोलतात. शाळेत पुस्तकी मराठी असते. चुकीचे बोललो तर हसतील या भीतीने कित्येक मुले वर्गात तोंडच उघडत नाहीत, आणि मास्तरांना वाटते पोर मठ्ठ आहे. नाटकात आधी शरीर बोलते, मग स्वतःची बोली आणि शेवटी मराठी. या क्रमाने गेले की भीती कमी होते. शिवाय सोंग घेणे इथे कुणाला नवे नाही. या भागात बोहाड्याला देव-दानवांचे मुखवटे चढवून, संबळ-सनईच्या तालावर रात्र रात्र सोंगे नाचवतात. काही मुखवटे ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. प्रेक्षकांसमोर उभे राहणे या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले असते.

हा विचार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत मुलांची रंगभूमी उभी केली, तेव्हापासून शहरातल्या मुलांसाठी मराठीत बालनाट्याची परंपरा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये मुलांबरोबर काम करणारे वेगळे पथक सुरू केले. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात वस्तीतल्या मुलांकडून त्यांच्याच जगण्यावरच्या नाटिका करून घेतल्या. अहमदाबादच्या छारानगरात ‘जन्मजात गुन्हेगार’ असा शिक्का बसलेल्या समाजातल्या तरुणांनी १९९८ मध्ये ‘बुधन’ हे नाटक केले आणि आपली बाजू स्वतः मांडली. त्यांच्या कामातून एक गोष्ट आम्ही घेतली: शिकवणारा शक्यतो त्याच वस्तीतला असावा.

म्हणून आमचे शिक्षक म्हणजे पाड्यावरचेच बारावी झालेले किंवा कॉलेजात शिकणारे तरुण-तरुणी. मुले त्यांना दादा आणि ताई म्हणतात. पैशाचा प्रश्न इथेच येतो. शहरातल्या सुखवस्तू घरातले लेकरू सुट्टीत महिनाभर फुकट काम करू शकते. कातकरी वाडीतल्या मुलीला ते परवडत नाही. पुढच्या वर्षीची फी आणि एसटीचा पास याच महिन्यात कमवायचा असतो. आपण तिला मानधन दिले नाही, तर तीही वसईला कामाला जाईल. मग शिकवायला शहरातले पाहुणे उरतील. ते प्रेमाने येतात आणि जूनमध्ये निघून जातात. आमची ताई मात्र पुढे वर्षभर पाड्यावर दिसते. त्यामुळे रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा कमी मानधन द्यायचे नाही आणि ते दर शनिवारी हातात द्यायचे, असा आमचा नियम आहे.

आता प्रत्यक्ष काम. शिबिर चार आठवड्यांचे असते. त्याआधी पाच दिवस एक अनुभवी रंगकर्मी दादा-ताईंना तयार करतात. रोजची वेळ पाण्यावर ठरते. सकाळी मुली विहिरीवर गेलेल्या असतात, म्हणून साडेआठच्या आधी सुरुवात नाही. ऊन चढायच्या आत, अकराला, उसळ-भात खाऊन सुट्टी. संध्याकाळी पुन्हा तासभर आंब्याखाली बसायचे.

पहिल्या आठवड्यात नाटकाचे नावही काढत नाहीत. गोल उभे राहायचे, आपले नाव सांगत एक हालचाल करायची आणि सगळ्यांनी ती जशीच्या तशी करायची. मग ‘आरसा’: दोघे समोरासमोर, एक हलेल तसे दुसऱ्याने हलायचे. त्यातून समोरच्याकडे नीट पाहायची सवय लागते.

दुसऱ्या आठवड्यात ‘पुतळे’. चौघांनी मिळून बाजार, दवाखाना किंवा भट्टी असे एक स्तब्ध चित्र उभे करायचे. यात बोलावे लागत नाही, म्हणून गप्प मुलेही उतरतात. मग ताई एकेकाच्या खांद्याला हात लावते आणि त्या पुतळ्याने मनातले एक वाक्य आपल्या बोलीत सांगायचे. आवाजासाठी मुले आंब्यापासून हातपंपापर्यंत ऐकू जाईल असे बोलून पाहतात, कारण आपल्याकडे माइक नसतो.

तिसऱ्या आठवड्यात या चित्रांतून प्रसंग तयार होतात आणि चौथ्यात पाड्यासमोर खेळ होतो. खेळाची रीत ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली आहे. बंगालमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था ती खेडोपाडी वापरते. एक अडचणीचा प्रसंग दाखवायचा आणि शेवट वाईट होऊ द्यायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. आता प्रेक्षकांतले कुणीही ‘थांबा’ म्हणून पुढे येऊ शकते आणि एखाद्या पात्राच्या जागी उभे राहून वेगळे काही करून पाहू शकते.

गेल्या वर्षी मुलांनी ‘उचल’ हा विषय निवडला. दिवाळीला मुकादम उचल देतो, हिशेब त्याच्याच वहीत राहतो आणि हंगाम संपला तरी कर्ज फिटत नाही. दुसऱ्या फेरीत एक आजी उठली, बापाच्या जागी उभी राहिली आणि मुकादमाला म्हणाली, “वही माझ्या नातीला दाखव, ती वाचेल.” सगळे हसले, मग एकदम शांत झाले. त्या रात्री उशिरापर्यंत लोक हिशेबावरच बोलत होते. उचलीच्या कर्जापायी माणसाला कामावर बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्या कार्यकर्त्याने तिथेच समजावले. दिवाळीनंतर तीन घरांनी आपली वेगळी वही ठेवली.

असे विषय जपून हाताळावे लागतात. कोणत्याही घराची खरी गोष्ट खऱ्या नावाने करायची नाही, आणि मूल नको म्हणाले तर प्रसंग तिथेच सोडायचा. मुलांबरोबर कधीही एकटा मोठा माणूस नसतो, दोघे तरी हवेतच. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा दादा-ताईंना पहिल्याच दिवशी शिकवला जातो. संध्याकाळी ते घरोघर जातात आणि कोण आले नाही, कोण अजून बोलत नाही याची रोज नोंद ठेवतात. मानधनातला मोठा वाटा या कामाचा आहे.

काहींनी विचारले, पवित्र शास्त्रातल्या गोष्टींची नाटके का बसवत नाही? नाताळच्या नाटिका आपल्या मंडळीत होतात आणि होत राहाव्यात. शिबिरात मात्र सगळ्या घरांतली मुले येतात. नाटक तुमच्या मुलांचेच असेल, असा शब्द आम्ही त्यांच्या आईबापांना दिलेला आहे आणि तो पाळतो.

नाटकाने कर्ज फिटत नाही, भट्टीही बंद होत नाही. शिबिरातली काही मुले मधेच आईबापांकडे निघून गेली, हेही खरे. पण शाळेत गप्प बसणारी एक सातवीतली मुलगी जुलैत आजीला घेऊन आरोग्य केंद्रात गेली आणि आजीचे दुखणे डॉक्टरांना न घाबरता सांगून आली. तिला शिकवणारी ताई आता शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते आहे.

पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन पाड्यांची मागणी आहे. शक्य असेल त्यांनी एका ताईचे किंवा दादाचे महिन्याचे मानधन उचलावे. मंडळीतल्या कॉलेजच्या मुलांना मदतनीस म्हणून यायचे असेल तर जरूर पाठवा, पण शिकवण्याची जागा पाड्यावरच्या तरुणांचीच राहील. आणि मे महिन्यात भट्टीवर असलेल्या लेकरांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा.